आवाजाचा नवरा

चष्मेवाल्याने फोन उशीखाली कोंबला, त्यावर दुसरी उशी ठेवली आणि त्या ढिगावर स्वतः बसला. तरीही खालून आवाज येतच राहिला. दबका, पण गोड.

"अहो, उठलात का? बाहेर बघा, काय सुरेख ऊन पडलंय. चपला घाला, दार ओढून घ्या आणि निघा बरं. घाई नको. दम लागला तर थांबा. मी आहे."

त्याच क्षणी स्वयंपाकघरातूनही तोच आवाज आला, पण साखर काढून घेतलेला.

"कचऱ्याचा डबा भरून वाहतोय! गावाला चष्मे लावता आणि स्वतःला दिसत नाही होय?"

चष्मेवाला उशीवरून हलला नाही. एकाच बाईचे दोन आवाज असतात हे त्याला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं होतं, आणि त्यातला चांगला आवाज आपल्या वाट्याला आलेला नाही हेही.

बायको दवाखान्यात कामाला होती, हृदयाच्या विभागात, खिडकीशी. माईकवर नंबर पुकारायची. तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं की ज्यांची हृदयं दुखावली आहेत त्यांना रोज सकाळी फोनवर निरोप पाठवायचा आणि चालायला काढायचं. पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्याच आवाजात निरोप भरला. तो ऐकून निम्म्या लोकांना वाटलं, आता पुन्हा छाती फाडणार. दोघं चालण्याऐवजी अंथरुणातच घामाघूम झाले. मग कुणीतरी म्हणालं, खिडकीतल्या बाईंना बोलवा. तिने एकदा घसा खाकरला, डोळे मिटले आणि जे काही बोलली ते ऐकून सगळा विभाग म्हणे गप्प झाला. तेव्हापासून आठवड्याचे निरोप ती एकदम भरून ठेवायची.

चष्मेवाल्याच्या स्वतःच्या छातीत गेल्या वर्षी दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या. डॉक्टर स्टेंट म्हणायचे, तो त्यांना स्प्रिंगाच म्हणायचा. त्यामुळे निरोप त्यालाही यायचा. पण तो त्याला एकट्याला येत नव्हता ना! तोच निरोप, त्याच वेळी, शहरभरच्या पुरुषांच्या उशाशी वाजायचा. कोण कुठले फुगलेले, वाळलेले, टकले बाप्ये डोळे चोळत उठायचे आणि याची बायको त्यांना 'अहो' म्हणायची. वर सांगायची, मी आहे. कुठे आहे? इथे आहे, स्वयंपाकघरात, आणि कचऱ्यावरून ओरडते आहे.

एकदा त्याने विचारलं होतं.

"हा आवाज घरात कुठे ठेवतेस गं?"

"घरात ऐकतं कोण?" ती म्हणाली आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

त्याने ठरवलं, चालायचं नाही. गावाबरोबर रांगेत उभं राहून आपल्याच बायकोचं ऐकायचं? शक्य नाही. पण फोन पडला चहाडखोर. मालक चालला की बसून राहिला, सगळं दवाखान्याला कळवायचा. मग चष्मेवाल्याने डोकं चालवलं. दुकानात काच घासायचं जुनं मशीन होतं, सुरू केलं की थडथड हलायचं. त्याच्या झाकणावर त्याने फोन ठेवला. मशीन थडथडलं, काच घासली गेली आणि फोनला वाटलं, मालक निघाला! संध्याकाळी फोनने टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात दवाखान्याने अभिनंदन केलं. ज्या दिवशी चष्म्यांना गर्दी, त्या दिवशी चष्मेवाल्याची तब्येत ठणठणीत. बायको एकदा म्हणालीसुद्धा, "चालताय वाटतं खरंच," आणि हे घरातल्या आवाजात असलं तरी बऱ्यापैकी मऊ होतं. तो खुर्चीत बसल्या बसल्या खूश झाला.

खुशी फार टिकली नाही. त्या संध्याकाळी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मध्येच फिसकन हसली. टॉवेल तोंडावर धरून पुन्हा हसली.

"काय झालं?"

"काही नाही. आमचे एक लिफ्टमन आहेत. चालून आले की निरोपाला उत्तर पाठवतात. बाकीचे लोक 'झालं' एवढंच म्हणतात. यांचं सगळं साग्रसंगीत. आज म्हणाले, 'बाई, तुमच्यासाठी शर्टाला इस्त्री केली होती. पण रस्त्यात एका कुत्र्याशिवाय कुणी वळून बघितलं नाही. कुत्र्याला मात्र फार आवडला, बाही घेऊनच गेला.'"

आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

आवाजाचं एक वेळ ठीक होतं. पण हसणं? हसवणं हा त्याचा प्रांत होता. दुकानात येणारी माणसं चष्मा विसरून जायची, पण त्याचे किस्से घेऊन जायची. गिऱ्हाइकाला उलटा तक्ता दाखवून 'तुमची नजर गेली हो' म्हणून घाबरवणं, शेजारच्या दुकानदाराच्या खुर्चीचा एक पाय कापणं, असल्या खोड्यांवर अख्खा बाजार लोळायचा. फक्त घरात त्याचा विनोद पडायचा. बायको ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "झालं? आता जेवून घ्या."

"कुठे चालतात हे कुत्र्याचे मित्र?" त्याने विचारलं.

"पाण्याच्या टाकीभोवती. का?"

"सहज."

चष्मेवाल्याने आयुष्यात कुठलीच गोष्ट सहज केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिक्षाने टाकीपाशी गेला आणि बाकावर बसला. लिफ्टमन ओळखायला वेळ लागला नाही. उंच, काटकुळा, पाणी लावून बसवलेले केस, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि एका बाहीला ठिगळ. फोन दोन्ही हातांत धरून असा चालत होता, जणू काठोकाठ भरलेली बशी नेतोय. टाकीला अर्धी फेरी मारून तो बाकापाशी थांबला, घड्याळाकडे न बघता म्हणाला, "दम लागला तर थांबायचं," आणि शेजारी बसला.

"नवीन दिसता, साहेब?"

"हवा खायला आलो."

"मीही. म्हणजे हवा आपली निमित्ताला. इकडचं यंत्र बिघडलंय." त्याने छातीवर टिचकी मारली. "गंमत बघा. जन्मभर लिफ्ट चालवली. वर गेलो, खाली आलो. पुढे म्हणून कधी गेलो नाही. आता या वयात पुढे जायला शिकतोय. आणि राहतो कुठे? त्या लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही!"

विनोद चांगला होता. म्हणून तर जास्त झोंबला.

"शिकवतंय कोण?" चष्मेवाल्याने विचारलं, जसं काही माहीतच नाही.

लिफ्टमनने फोन पुढे केला, पण हातात दिला नाही. "बाई आहे एक. डॉक्टर ओरडून दमले, भाचा ओरडून दमला. पण घरात 'निघा' म्हणणारं कुणी नसलं, तर माणूस निघतो कशाला आणि परततो कुणाकडे? ही म्हणते, मी आहे. बास. तेवढं पुरतं."

"पाहिलीत कधी?"

"नाही. दवाखान्यात माईकवर एक बाई असते, पण ती नव्हे. ती एकदम खवट. नंबर असा पुकारते की वाटतं, आलोच कशाला. ही निराळी."

चष्मेवाला मनात हसला. मग त्या हसण्याचा त्याला राग आला. समोरचा माणूस ठिगळ लावलेली बाही सरळ करत होता, उद्याही त्या बाईसाठी इस्त्री करणार होता आणि उद्याही ती टॉवेल तोंडावर धरून हसणार होती.

"राव, तुम्हाला वाईट वाटेल," तो आवाज खाली आणून म्हणाला, "पण बाई कसली? मशीन आहे ते."

"काय?"

"मशीन. हल्ली कॉम्प्युटर बोलतात. अहो म्हणतात, लाजतात, उसासेसुद्धा टाकतात. माझा त्याच लाइनीत थोडा अभ्यास आहे."

"पण मी उत्तर पाठवतो त्याला."

"ते दुसरं मशीन ऐकतं."

लिफ्टमनने फोनकडे बघितलं. मग काच शर्टाच्या टोकाने पुसली आणि फोन खिशात टाकला. गळ्याचं बटण काढलं.

"असं होय," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंत साहेब. उगाच रोज इस्त्री."

फेरी अर्धी राहिली होती. ती तशीच सोडून तो घराकडे वळला. चष्मेवाला रिक्षात बसला आणि दुकान येईपर्यंत शीळ घालत होता.

त्यानंतर घरातलं हसणं थांबलं. चष्मेवाल्याला पहिले काही दिवस फार छान झोप लागली. पण बायको नुसती हसायची थांबली नाही, तिचं बोलणंही कमी झालं. एका रात्रीच्या जेवणाला तिने ताटात नुसती बोटं फिरवली.

"काय झालं?"

"लिफ्टमन चालत नाहीयेत. निरोपाला उत्तर नाही, पाऊल नाही. डॉक्टर म्हणाले, यांचं हृदय आधीच थकलंय, जे काही सावरलं होतं ते चालण्यानेच. पायांवर सूज आली तर कळवा म्हणाले. कळवणार कोण? म्हणून मीच फोन केला."

"मग?"

"म्हणाले, 'बोला मशीनबाई.'"

चष्मेवाल्याला ठसका लागला.

"मी म्हटलं, अहो, मी माणूस आहे, जिवंत आहे. तर म्हणाले, 'मशीनसुद्धा असंच म्हणणार,' आणि ठेवला फोन. आता यावर काय बोलायचं तुम्ही सांगा. पाणी प्या. कुणी भरवलं असेल हो हे त्यांच्या डोक्यात?"

"असतात लोक," चष्मेवाला पेल्यात बघत म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण तुला त्या माणसाचं एवढं काय पडलंय?"

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. भांडणाचं बघणं नव्हतं ते, नाहीतर त्याला सोपं गेलं असतं.

"कुणीतरी माझं ऐकत होतं," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. लाँड्री सापडली, जिनाही सापडला. पहिला मजला त्याने रुबाबात चढला. दुसऱ्यावर कठडा धरला. त्याच्या पुढच्या वळणावर तो चक्क पायरीवर बसला आणि तोंडाने श्वास घेत राहिला. फोनच्या हिशेबाने बघितलं तर शहरातला सगळ्यात दणकट हृदयवाला तोच होता.

दार लिफ्टमनने उघडलं. अंगात बनियन, गालावर पांढरे खुंट, आणि पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा आत रुतला होता. त्याने पाहुण्याला ओळखलं, काही न विचारता खुर्ची पुढे सरकवली आणि पाणी आणलं.

"तुम्हालाही आहे का?" छातीकडे बोट दाखवून त्याने विचारलं.

"छे. जिना उंच आहे तुमचा."

"हं."

खालून इस्त्रीची वाफ फुस्स करायची, मग थांबायची. खोलीत खाट, खुर्ची, खुंटीवर तो शर्ट, चुरगळलेला. फोन कुठे दिसत नव्हता.

"ते मशीनचं बोललो होतो मी," चष्मेवाला म्हणाला. "चुकलं. बाई आहे. खरी बाई आहे."

"दवाखान्याने पाठवलं तुम्हाला?"

"नाही हो."

"मग तेव्हा खोटं बोलत होतात, की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

याचं उत्तर चष्मेवाल्याकडे तयार होतं, पण ते तोंडातून बाहेर येण्यासारखं नव्हतं. "माझं चष्म्याचं दुकान आहे," तो म्हणाला. "तिचा चष्मा मी करतो. म्हणून माहीत."

लिफ्टमन खाटेवर बसला. सुजलेले पाय त्याने हातांनी उचलून वर घेतले.

"सांगा मग, कशी आहे."

"नंबर आहे तिला. उजव्या डोळ्याला जास्त."

"डोळ्याचा नंबर काय करू? बाईचं सांगा."

दिवसभर तोंडाची टकळी चालवणारा चष्मेवाला अडकला. आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"नाक बसकं आहे," तो म्हणाला. "त्यामुळे चष्मा टिकत नाही. हसली की घसरतो. मग मनगटाने वर सारते, कारण हात कायम ओले."

"पुढे?"

"तोंडाने फटकळ. रागावली की धुतलेले कप धुवायला घेते. फार रागावली तर सगळी फळीच खाली काढते. पण आपल्याला काही लागलं-खुपलं तर आधी तिला कळतं. कसं ते विचारू नका." तो थोडा हसला. "आणि झोपताना चष्मा काढायचं विसरते. रोज. हळूच काढून ठेवावा लागतो, नाहीतर काडी वाकते. गेल्या वर्षी दवाखान्यात खाटेशेजारी स्टुलावर बसल्या बसल्या झोपली. काढायला माझा हात पोचेना, हाताला सलाईन होतं. सकाळपर्यंत काडी अशी वाकली की मी किती वेळा सरळ केली, तरी अजून डावीकडे…"

तो थांबला. खाली वाफ फुस्स झाली.

लिफ्टमनने पाहुण्याच्या अजूनही वर-खाली होणाऱ्या छातीकडे बघितलं, मग रिकाम्या पेल्याकडे, मग खिडकीकडे.

"घरी कोण असतं तिच्या?" त्याने विचारलं.

"नवरा."

"तो चालतो का?"

"नाही."

"का?"

"डोकं फिरलंय त्याचं."

"हं." लिफ्टमन सावकाश उठला, खुंटीवरचा शर्ट काढला आणि झटकला. "हा खाली देतो इस्त्रीला. आज दवाखान्यात पाय दाखवून येतो. ते हो म्हणाले की परवापासून निघीन. त्या नवऱ्याला माझा निरोप द्या साहेब. म्हणावं, टाकीपाशी ये. मी थांबतो. सवयच आहे मला, माणूस आत आल्याशिवाय दार लावत नाही."

"सांगतो," चष्मेवाला म्हणाला.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, थोडं ओरडले आणि हो म्हणाले. ठरल्या सकाळी टाकीपाशी दोघं भेटले तेव्हा ना नमस्कार झाला, ना चौकशी. लिफ्टमन डावीकडून चालायला लागला, चष्मेवाला त्याच्या शेजारी उजवीकडून. थोडं चाललं की एक थांबायचा, मग दुसरा त्याच्यासाठी थांबल्यासारखं दाखवायचा. फेरी पुरी झाल्यावर ते बाकावर टेकले. लिफ्टमनने फोन काढला, तोंडाजवळ नेला, आणि पुन्हा खाली घेतला.

"नको," तो म्हणाला. "आता बरं दिसत नाही. 'झालं' एवढंच म्हणतो."

चष्मेवाला समोर बघत होता. टाकीच्या फाटकापाशी कुणा जुन्या पुढाऱ्याचा पुतळा होता, एक पाय पुढे टाकलेला. त्याच्या डोक्यावर कावळा बसला होता.

"'झालं' काय म्हणता? ती तिकडे ताटकळली असेल," तो म्हणाला. "असं म्हणा. बाई, आज मी चालताना एकाला मागे टाकलं. जन्मात पहिल्यांदा. छाती अशी फुगली, म्हटलं, बघू तरी बिचारा किती मागे राहिलाय. वळून बघितलं, तर तो पुतळा होता."

लिफ्टमन हसला. खोकला येईपर्यंत हसला. मग त्याने विचारलं, "मीच म्हणू?"

"तुमचंच ऐकते ती. म्हणा. आणि पुतळ्याच्या आधी थोडं थांबा. तिथेच सगळी गंमत आहे."

लिफ्टमन अगदी बरोबर थांबला.

संध्याकाळी बायको घरात शिरली तीच हसत. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"अहो, ऐकलंत का? लिफ्टमन परत चालायला लागले! आणि आज काय सांगितलंय माहितीये?" तिने सांगायला सुरुवात केली, छाती फुगवून दाखवली, मान वळवून मागे बघितलं, आणि पुतळ्यापाशी पोचायच्या आधीच हसू फुटून भिंतीला टेकली. शेवटचा शब्द तिला तीनदा प्रयत्न करून म्हणता आला.

चष्मेवाल्याने तिला पूर्ण हसू दिलं. तिच्यावरून नजर हटवली नाही.

"यात एवढं हसण्यासारखं काय आहे?" त्याने विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याला एक स्वभाव लागतो."

ती चहा टाकायला आत गेली आणि आतही एकदा हसली. चष्मेवाल्याने ठणकणारे पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि उद्या काय सांगायचं याचा विचार करू लागला.